थंडी तर सगळ्यांनाच वाजते

कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी सगळ्यांनाच वाजते. त्यामुळे रोसांदाला ती जरा जास्तच वाजते आहे, हे दोन हिवाळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

अरिल्येच्या खोऱ्यात जुलैमध्ये रासबेरी उतरते, ती गोठवून ठेवतात, आणि मग सबंध हिवाळा बायका ती निवडतात. फळं खडीसारखी कडक होऊन सरकत्या पट्ट्यावरून खडखडत येतात. दोन्ही बाजूंना बायका उभ्या. अख्खं फळ पुढे जाऊ द्यायचं. फुटकं, काळं पडलेलं, देठ, पान, जे म्हणून वावगं असेल ते उचलून बाजूच्या डब्यात टाकायचं. तोंडातून वाफ निघत असते. हातमोज्यांच्या दोन जोड्या, पायात लोकरीचे जाड मोजे, डोक्याला रुमाल, आणि तरी पहिल्या तासातच बोटं ऐकेनाशी होतात. अठरा वर्षं रोसांदा त्या पट्ट्यापाशी उभी राहत आली होती. तिचा हात असा चाले की नव्या बायकांना तिच्याच शेजारी उभं करत. ती बोलत असे, हसत असे, समोरच्या बाईच्या नवऱ्याची खोड काढत असे, आणि तिचे दोन्ही हात खाली आपलं आपण काम करत असत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं हे सगळं हळूहळू मंदावलं. इतकं हळूहळू की अमुक दिवशी सुरू झालं असं तिला सांगता आलं नसतं.

आधी थंडी घरी यायला लागली. चुलीत लाकडं धडधडत असायची, नवरा मिलिसाव नुसत्या बंडीवर बसलेला असायचा, आणि ही स्वेटरवर स्वेटर चढवून चुलीला पाठ लावून उभी.

"अगं, अजून किती लाकूड घालू?" मिलिसाव म्हणे. तो जंगलातून ओंडके आणणारा ट्रक चालवायचा. "मी दिवसभर लाकूड ओढतो ते विकायला. तूच सगळं जाळणार वाटतं."

मग झोप. सकाळी उठावं तर अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटे. कामावरून आल्यावर बूट काढायला म्हणून बाकावर बसावं, तर एक बूट हातात तसाच राहून डोळा लागलेला. खाणं निम्म्यावर आलं होतं, तरी स्कर्टचं बटण लागेना. पोट चार-चार दिवस साफ होत नसे. चेहरा सकाळी सुजलेला, पापण्या जड. कंगव्यात केसांचे पुंजके निघत, ते ती कुणी पाहू नये म्हणून चुलीत टाकी. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होऊन गेली होती. बोटांना मुंग्या येत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द सापडत नसत. मीठ मागायचं असे आणि मीठ हा शब्दच कुठेतरी मागे राहिलेला असे.

सासूबाई, स्तामेंका, पंचाहत्तरीच्या होत्या आणि अजून गायीची धार स्वतः काढत. त्यांना हे बघवेना.

"सूनबाई, भांडी वाट बघतायत हो तुमची. की त्यांनाही झोप लागू दे म्हणता?"

"करते आई."

"करते, करते. मी तुझ्या वयाची असताना तीन पोरं, दोन गायी आणि एक आजारी सासरा होता मला. बसले की उठवायला माणूस लागत नव्हता."

रोसांदा उलट बोलत नसे. पूर्वी बोलायची, आणि चांगलं बोलायची. सासूसुनेच्या या जुगलबंदीची दोघींनाही सवय होती. आता उत्तर सुचेपर्यंत सासूबाई गोठ्यात पोचलेल्या असत. शिवाय मनातून तिलाही ते पटायला लागलं होतं. सगळ्याच बायका दमतात. सगळ्यांचीच वयं होतात. मग आपल्यालाच एवढं काय जड झालंय? आळसच असणार.

गावातल्या दवाखान्यातही ती एकदा जाऊन आली. तिथल्या तरुण डॉक्टरने वय विचारलं, पाळी विचारली, अंगावरून फार जातं म्हटल्यावर मान हलवली. "हे वयच असं. त्यात नसांचा त्रास. थोडं फिरत जा, गोड कमी करा," असं म्हणून त्याने मन शांत राहण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. आधीच झोपाळलेली रोसांदा त्या गोळ्यांनी पट्ट्यापाशी उभ्या उभ्या डुलू लागली. चार दिवसांनी तिने त्या बंद केल्या.

फेब्रुवारीत तिच्या हातून एक खडा सुटला. खराखुरा खडा, करंगळीच्या नखाएवढा. तिच्या डोळ्यांना तो दिसला होता. हात उचलायचा हेही कळलं होतं. पण हात पोचला तेव्हा तिथे दुसरंच काहीतरी होतं. खडा पुढच्या तपासणीत सापडला म्हणून निभावलं. तीन दिवसांनी बुरशी लागलेल्या फळांचा एक पुंजका तसाच गेला. मग देठ, मग पानं.

नेव्हेंका त्यांच्या कामाच्या पाळीची मुकादम होती. दहा वर्षांपूर्वी ती नवी आली तेव्हा तिचे हात धरून रोसांदानेच तिला फळ उचलायला शिकवलं होतं. सुट्टीत ती रोसांदाला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"रोसा, घरी काही भानगड आहे का?"

"नाही."

"मिलिसाव पितो का?"

"पितो तेवढाच पितो."

"मग तुझं काय चाललंय? बायका बोलायला लागल्यात. कुणी म्हणतं तूच पितेस."

रोसांदाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मला झोप येते," ती म्हणाली. एवढं म्हणायलाही तिला वेळ लागला.

नेव्हेंका थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. "उद्यापासून क्रेट धुवायला जा. तिथे निदान गरम पाणी तरी आहे. मी तुला शिक्षा करत नाहीये, समजलं ना? पण पट्ट्यावर तुला ठेवता येणार नाही मला."

"बरं," रोसांदा म्हणाली. तिने भांडावं असं नेव्हेंकाला वाटत असावं, कारण ती दारापाशी थबकली होती. पण भांडायला लागतं ते बळ रोसांदाच्या अंगात नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली ती तिने ऐकली नाही. तिथेच भिंतीला टेकून तिचा डोळा लागला होता.

मार्चच्या एका रविवारी दुपारी फोन वाजला. सासूबाई टेबलावर घेवड्याचे दाणे निवडत बसल्या होत्या, रोसांदा जवळच होती, तिने उचलला. पलीकडे तिचा मोठा भाऊ रादेंको होता. तो वीस वर्षं ऑस्ट्रियात, लिंझला. घरं बांधायच्या कामावर. सणावारीच काय तो फोन करायचा. नोव्हेंबरात केला होता तेव्हा तो मिलिसावशीच बोलला होता.

"हॅलो," रोसांदा म्हणाली.

"मी रादेंको बोलतोय. रोसांदाला द्या जरा."

"दादा, मीच आहे."

"कोण मी? काका, जरा रोसाला बोलवा की. परदेशातून बोलतोय."

"दादा. मीच. रोसा."

पलीकडे काही क्षण नुसता खरखराट. मग रादेंको वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण माझ्या बहिणीला फोनवर बोलवा. काय झालंय तिला?"

रोसांदाने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. सख्ख्या भावाला मी मीच आहे हे पटवायचं कसं, हे तिला कळेना. सासूबाईंनी उठून तो तिच्या हातातून घेतला. "रादेंको, मी स्तामेंका. तीच आहे ती. हो. नाही, सर्दी नाही. तू ठेव आता, नंतर कर." आणि फोन खाली ठेवला.

सासूबाई पुन्हा टेबलाशी बसल्या, पण दाण्यांना हात लावला नाही. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. रोज समोर दिसणारं माणूस आपण बघत नसतो. त्या दिवशी त्यांनी बघितलं.

"बोल काहीतरी," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या आईचं नाव सांग. गावाचं सांग."

रोसांदाने सांगितलं. आवाज जाड, घोगरा, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा; आणि एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"जीभ दाखव."

"आई, काय चाललंय तुमचं?"

"दाखव म्हणते ना."

जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले होते. सासूबाईंनी डोळे मिटले.

"माझी धाकटी बहीण होती, देसांका," त्या म्हणाल्या. रोसांदाने हे नाव फक्त चर्चमध्ये मृतांसाठी मेणबत्त्या लावताना ऐकलं होतं. "इवानित्साला दिली होती. दुसरं मूल झालं आणि ती झोपायला लागली. नुसती झोप. अंगाने सुटली. सासरच्यांनी सांगितलं, तुमची आळशी पोरगी तुमच्याकडेच ठेवा. पोरं त्यांनी ठेवून घेतली, हिला पाठवून दिली. आमच्या आईने दुसऱ्याच दिवशी हातात खुरपं दिलं. तर ही मक्याच्या सरीतच बसून झोपली. आम्ही तिला महाराणी म्हणायचो. एकदा मी तिच्या अंगावर बादलीभर विहिरीचं पाणी ओतलं. सगळे हसले. तीही हसली थोडी. जिभेवर दातांचे असेच ठसे. आवाजही तिचा असाच झाला होता. गड्यासारखा."

"मग?"

"मग काय. मोठा बर्फ पडला त्या वर्षी. ती उठेना. आम्ही म्हटलं, झोपू दे महाराणीला. तिसऱ्या दिवशी आईने पांघरूण काढलं." सासूबाईंनी समोरचे दाणे उगीच एका बाजूला सारले. "सत्तावीस वर्षांची होती. आळसाने मेली, असंच मी आजवर समजत आले. आजपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सासूबाई तिला घेऊन उझित्सेच्या मोठ्या इस्पितळात गेल्या. रोसांदाने रजेचं काय असं विचारलं, तर म्हणाल्या, "क्रेट काय, उद्याही घाणेरडेच असतील."

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं थोडं. सासूबाई बरोबर आत शिरल्या आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच देऊ लागल्या.

"आजी, तिला बोलू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तिचा आवाजच ऐकायचाय."

रोसांदा बोलली. थंडीचं, झोपेचं, पोटाचं, केसांचं. मध्येच थांबायची, पुढचं आठवायची. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्यांनी नाडी मोजली, पुन्हा मोजली. मिनिटाला अठ्ठेचाळीस. गळ्यावरून बोटं फिरवली, पाणी गिळायला सांगितलं. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरी व्हायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं आणि मग अगदी सावकाश, जणू विचार करत, जागेवर आलं.

"पाहिलंत?" त्या सासूबाईंना म्हणाल्या. "पाय जातो, पण परत यायला त्याला वेळ लागतो. सगळं अंगच तसं झालंय."

रक्त घेतलं, गळ्याची सोनोग्राफी केली. आठवड्याने दोघी पुन्हा गेल्या तेव्हा कागद तयार होते.

"गळ्यात थायरॉइड म्हणून ग्रंथी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराने किती वेगाने चालायचं, ते ती ठरवते. ऊब तिची, नाडी तिची, पोट, केस, डोकं, सगळ्यांवर तिचा अंमल. तुमच्या शरीराची रोगाशी लढायची जी ताकद आहे ना, तिने या ग्रंथीलाच परकं समजून हल्ला केलाय. काल-परवा नाही, कित्येक वर्षं. आता ग्रंथीत थोडाच जीव उरलाय. या रोगाला हाशिमोतो म्हणतात. ज्या जपानी डॉक्टरने तो प्रथम लिहून ठेवला, त्याचं नाव."

"जपानी?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या गावात बेलग्रेडचा माणूस येत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. रोसांदा हसली नाही. ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती.

"माझ्याच शरीराने?"

"हो."

"पण का? मी काय केलं?"

"काहीच नाही. का होतं ते अजून कुणाला पुरतं सांगता येत नाही. बायकांना जास्त होतं, घराण्यात चालतं. थंडीत काम केलं म्हणून झालं नाही, आणि आळसाने तर नाहीच नाही. रोज एक गोळी. हळूहळू वाढवू, एकदम नाही. हृदयाला सोसत नाही."

"किती दिवस?"

"कायमची."

बाहेरच्या बाकावर रोसांदा बराच वेळ बसली. कायमची हा शब्द जड होता, पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरलं होतं आणि ते नेमकं काय हे तिला लगेच उमगलं नाही. दोन वर्षं जग तिला आळशी म्हणत होतं आणि तिने मुकाट्याने ते मान्य केलं होतं. ते खोटं होतं. रडावंसं वाटलं तिला, पण त्यालाही त्राण लागतं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या "चल, बस जाईल" असं म्हणाल्या नाहीत.

"देसांकाच्या वेळी गोळी होती का हो?" थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. रोसांदाला उत्तर माहीत नव्हतं, आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारावं असं दोघींपैकी कुणीही सुचवलं नाही.

संध्याकाळी मिलिसावने औषधाच्या खोक्यातला पातळ कागद उघडून टेबलावर पसरला, इस्पितळाचा कागद शेजारी ठेवला आणि चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायला बसला. रोगाची लक्षणं इस्पितळाच्या कागदावर होती. तो ती मोठ्याने वाचत होता.

"थंडी सहन न होणे." थांबला. चुलीकडे एक नजर टाकली. "वजन वाढणे. विसराळूपणा." पुन्हा थांबला; ती त्याचा डबा भरायला विसरली म्हणून त्याने दोनदा ताट आपटलं होतं. "आवाज घोगरा होणे. बद्धकोष्ठ. शरीरसंबंधाची इच्छा..." इथे त्याने आईकडे पाहिलं. त्या भांडी जास्तच जोरात घासू लागल्या. पुढचं त्याने मनात वाचलं.

आई गोठ्यात गेल्यावर तो म्हणाला, "हेही लिहिलंय यात."

"काय?"

"ते. मला वाटायचं, तुला मी नकोसा झालोय." त्याने चष्मा काढून पुसला. "कुणी दुसरा असेल असंही एकदा वाटलं. मग म्हटलं, ही बाकापासून पलंगापर्यंत जात नाही, कुणाकडे जाणार."

"विचारायचंस."

"काय विचारणार."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात नेहमीसारखाच गार होता. त्याने तो काढून घेऊ दिला नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. त्या घरात सकाळ कॉफीनेच सुरू व्हायची. सासूबाई ती उकळत आणि मग दोघी अंधारउजेडात न बोलता पीत. आता सासूबाई भांडं चुलीच्या कडेला ठेवून घड्याळाकडे बघत बसत.

"तुम्ही घ्या ना आई."

"एकटीने काय प्यायची. किती झाली?"

"अकरा मिनिटं."

"या जपान्याने कॉफी प्यायलेली दिसत नाही कधी."

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. रोसांदाला वाटलं, डॉक्टरीणबाईंची चूक झाली, मी आळशीच आहे. मग एके दिवशी पोट आपोआप साफ झालं. गोष्ट लाजेची, पण त्या दिवशी तिला सण झाल्यासारखं वाटलं. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, गोळी वाढली. मेच्या सुरुवातीला क्रेट धुताना तिने वरचा स्वेटर काढून खुंटीला अडकवला आणि तो तिथे आहे हे घरी जाताना विसरली. चेहऱ्याची सूज उतरली तशा सुरकुत्या दिसायला लागल्या. केस गळायचे थांबले नव्हते. आठवड्यातले दोन दिवस बरे जात आणि तिसऱ्या दिवशी जुनं ओलं घोंगडं पुन्हा अंगावर येऊन पडे. असं का, म्हणून विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्ष लागेल. कदाचित जास्त. आणि पूर्वीसारखं सगळंच होईल असं मी सांगत नाही."

मेच्याच शेवटी नेव्हेंका क्रेटच्या खोलीत आली. ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत.

"आवाज सुधारला तुझा," ती म्हणाली. "सोमवारी पट्ट्यावर ये. नवा माल यायच्या आत जुना संपवायचाय."

सोमवारी रोसांदा तिच्या जुन्या जागी उभी राहिली. फळं खडखडत आली. पहिला तास बरा गेला. हातांना रस्ता आठवत होता. शेजारची बाई काही बोलली, रोसांदाने उत्तरही दिलं, आणि ती बाई हसली. सुट्टीनंतर मात्र पट्टा पळायला लागला. तो तेवढ्याच वेगाने चालला होता हे तिला ठाऊक होतं. बोटं जड झाली, पाठ भरून आली. एक देठ सुटला. दुसरा सुटायच्या आत तिने हात वर केला आणि नेव्हेंकाला बोलावलं.

"मला बाजूला घे. एवढंच जमतंय."

नेव्हेंकाने लगेच दुसरीला उभं केलं. मग दोघी वजनकाट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तू काही बोलली असतीस," नेव्हेंका म्हणाली, "तर मी..."

"काय बोलणार होते? मलाच कुठे ठाऊक होतं?"

"मी बायकांना सांगितलं होतं, तिच्या तोंडाला वास येतो का बघा. दारूचा." नेव्हेंकाने हे खाली बघत सांगितलं.

"आला का?"

"साबणाचा आला म्हणाल्या."

रोसांदा हसली. हसू यायला जरा उशीर लागला, पण ते आलं. त्यांनी तिथेच ठरवलं: सुट्टीपर्यंत पट्टा, नंतर बसून खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. जमलं तर पुढे बघू. पाळीची मुकादम म्हणून एवढं नेव्हेंकाच्या हातात होतं, आणि बायकांनी कुरकुर केलीच तर काय सांगायचं तेही तिने ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन रोसांदा कपडे न बदलताच आडवी झाली. जाग आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. तासभरच झाला होता. कुणी हाक मारली नव्हती. जाग आपोआप आली होती. स्वयंपाकघरात सासूबाई आणि मिलिसाव सूपमध्ये मीठ जास्त झालं की कमी यावर वाद घालत होते. अंग दुखत होतं, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि का दुखतंय हे तिला नीट ठाऊक होतं. थोडा वेळ ती तशीच पडून ऐकत राहिली. मग उठली, पायांत चपला सरकवल्या आणि ताटं मांडायला गेली.